जगज्जेत्याच्या अटी : किताब वतन की जबाबदारी?

सातारा-सांगलीकडच्या गावांत यात्रेच्या हंगामात भिंतीवर जी पत्रके लागतात, त्यांवर एक शब्द हमखास मोठ्या अक्षरांत असतो : 'निकाली'. 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान.' निकाली म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती चालायची. गुण मोजून निकाल नाही, बरोबरीत सोडवणे नाही. प्रत्यक्षात अंधार पडायला लागतो, पुढच्या जोडी खोळंबतात आणि पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. मग मैदानाभोवती बसलेली माणसे आरडाओरडा करतात, कारण त्यांना निकालाचा शब्द दिलेला असतो.

हा शब्द इथे सुरुवातीलाच आणण्याचे कारण असे, की बुद्धिबळाच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली आणि तरीही कधीच न झालेली लढत याच गोष्टीवर अडली. ३ एप्रिल १९७५ रोजी जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, अमेरिकेच्या बॉबी फिशरचा किताब काढून घेतला आणि सोव्हिएत संघाच्या अनातोली कार्पोवला जगज्जेता घोषित केले. कार्पोव तेव्हा २३ वर्षांचा होता. फिशरविरुद्ध एकही प्यादे न हलवता त्याला मुकुट मिळाला. फिशरने तीन अटी घातल्या होत्या. त्यांतल्या दोन अखेरीस मान्य झाल्या आणि तिसरी अवघ्या तीन मतांनी फेटाळली गेली.

आपल्याकडे ही कथा बहुधा 'विक्षिप्त प्रतिभावंताचा हट्ट' अशी सांगितली जाते. फिशर विक्षिप्त होता यात वाद नाही. पण जगज्जेत्याने आव्हानवीरापुढे अटी ठेवण्याची प्रथा त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. त्या अटी एका ओळीत मांडून पाहिल्या तर व्यक्तीच्या स्वभावापलीकडचा एक प्रश्न दिसतो. जगज्जेतेपद हे कोणाचे? ज्याने जिंकले त्याचे, पिढीजात वतनासारखे, की खेळाचे, आणि जेता फक्त काही काळ ते सांभाळणारा?

पैजेचा जमाना

डाव मांडण्याआधी अटी ठरवणे आपल्याला नवीन नाही. देशी पद्धतीचा डाव प्रांताप्रांतांत वेगळा होता. प्याद्याने पहिल्या चालीत दोन घरे जायचे की एकच, राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची उडी द्यायची की नाही, शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचे काय करायचे, सगळे मोहरे जाऊन एकटा राजा उरला आणि डाव 'बुर्ज' झाला तर तो कसा धरायचा, हे सगळे परगावचा खेळाडू समोर बसला की आधी बोलून घ्यावे लागे. मात्र एकदा ठरले की ते दोघांनाही सारखेच लागू असे. ही साधी गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

युरोप-अमेरिकेत १८८६ मध्ये विल्हेल्म स्टाइनिट्झ आणि योहानेस झुकरटॉर्ट यांची लढत झाली. पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपदाची लढत म्हणून ती ओळखली जाते. न्यूयॉर्क, सेंट लुईस आणि न्यू ऑर्लीन्स या तीन शहरांत ती खेळली गेली. प्रत्येक बाजूने दोन हजार डॉलरची पैज लावली होती. जो आधी दहा डाव जिंकेल तो विजेता, बरोबरीचे डाव मोजायचे नाहीत, आणि दोघांचे नऊ-नऊ विजय झाले तर लढत अनिर्णित, असा करार होता. स्टाइनिट्झने दहा डाव जिंकले, पाच हरले, पाच बरोबरीत सुटले. ही दहा आणि नऊची अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. नव्वद वर्षांनी ती पुन्हा पुढे येणार आहे.

त्या काळी कोणतीही संस्था नव्हती. किताब ही जेत्याची खाजगी मिळकत होती. आव्हान कोणाचे स्वीकारायचे, कधी, कुठे, किती पैशांवर, हे तोच ठरवी. त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ होते. स्टाइनिट्झ १९०० साली न्यूयॉर्कमध्ये दारिद्र्यात मेला. त्याच्याकडून १८९४ मध्ये किताब जिंकलेल्या इमॅन्युएल लास्करने हा शेवट पाहिला होता. लोकांची करमणूक करून आपण उपाशी मरायचे नाही, असे त्याने मनाशी ठरवले असेल तर त्याला दोष देता येत नाही. बुद्धिबळपटूने मानधन मागणे हे तेव्हा असभ्य समजले जाई, आणि लास्करने ते ताठ मानेने मागितले.

पण लास्कर पैशावर थांबला नाही. १९११ मध्ये क्यूबाच्या तरुण होजे राउल कापाब्लांकाने त्याला आव्हान दिले, तेव्हा लास्करने सतरा अटी पाठवल्या. सहा विजयांची लढत, पण जास्तीत जास्त तीस डाव. तीस डावांत कोणाचेच सहा विजय झाले नाहीत तर जो पुढे असेल तो विजेता. मात्र आव्हानवीर एकाच डावाने पुढे असेल तर लढत बरोबरीत धरायची. म्हणजे कापाब्लांकाने दोन जिंकले, एक हरला आणि बाकीचे बरोबरीत सोडवले, तरी किताब लास्करकडेच राहणार. ही अट उघड अन्यायाची आहे, असे कापाब्लांकाने लिहून कळवले. त्या शब्दांचा लास्करला राग आला आणि त्याने वाटाघाटीच तोडल्या. लढत व्हायला दहा वर्षे लागली. मध्ये महायुद्ध झाले. अखेर १९२१ मध्ये हवानात दोघे समोरासमोर बसले तेव्हा लास्कर बावन्न वर्षांचा होता. कापाब्लांकाने चार डाव जिंकले, दहा बरोबरीत सुटले, आणि लास्करने एकही न जिंकता लढत सोडून दिली.

दहा हजार डॉलरची भिंत

ज्याने अन्यायी अटीचा चटका सोसला तोच पुढे अटी लिहायला बसला. १९२२ मध्ये लंडनच्या स्पर्धेच्या निमित्ताने कापाब्लांकाने एक मसुदा तयार केला आणि त्यावर अलेखिन, रुबिनस्टाइन, रेटी यांच्यासारख्या आघाडीच्या खेळाडूंच्या सह्या घेतल्या. 'लंडन नियम' म्हणून तो प्रसिद्ध आहे. सहा विजय मिळवणारा जिंकणार, बरोबरीचे डाव मोजायचे नाहीत, अडीच तासांत चाळीस चाली, आव्हान आल्यापासून वर्षाच्या आत जेत्याने खेळले पाहिजे. इथवर सगळे नीट होते. लास्करची दोन डावांच्या आघाडीची अट त्यात नव्हती. पण बक्षिसाची रक्कम दहा हजार डॉलरपेक्षा कमी असेल तर जेत्यावर खेळण्याची सक्ती नाही, असे एक कलम होते. शिवाय त्या रकमेतला वीस टक्के वाटा मानधन म्हणून आधी जेत्याला मिळणार, आणि उरलेल्याचे साठ आणि चाळीस टक्के असे वाटे विजेत्याला आणि पराभूताला.

कागदावर या कलमात कोणाचेच नाव नव्हते. व्यवहारात मात्र त्याचा भार एकाच्याच मानेवर होता. पैसे उभे करण्याची जबाबदारी आव्हानवीराची. आपल्याकडच्या मैदानात यात्रा कमिटी जोड लावते आणि इनामही कमिटीच देते. आव्हान देणाऱ्या पैलवानानेच वर्गणी जमवून आणली पाहिजे असा नियम केला, तर गरिबाघरचा पोर तालमीतून मैदानापर्यंत पोचणारच नाही. अकिबा रुबिनस्टाइनने १९१२ मध्ये एकामागून एक मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या, पण किताबाची लढत त्याच्या वाट्याला आयुष्यात कधीच आली नाही.

अलेक्झांडर अलेखिनला मात्र दहा हजार मिळाले. १९२७ मध्ये अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनस आयर्समध्ये लढत झाली. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत चौतीस डाव चालले. त्यांतले पंचवीस बरोबरीत सुटले. अलेखिनने सहा जिंकले, तीन हरले. 'निकाली' लढत किती लांबू शकते याचा हा पहिला मोठा इशारा होता. तो त्या वेळी कोणी फारसा मनावर घेतला नाही.

पुढचा भाग काव्यगत न्यायाचा आहे. कापाब्लांकाला परतीची लढत हवी होती आणि अलेखिनने त्याच्यापुढे त्याच्याच मसुद्याचे कलम धरले : दहा हजार आणा. १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, मंदी आली आणि एवढे पैसे देणारा कोणी उरला नाही. गंमत अशी, की १९२९ आणि १९३४ मध्ये अलेखिन बोगोल्युबोवशी किताबासाठी दोनदा खेळला, आणि तेव्हा त्याने या आकड्याचा आग्रह धरला नाही. म्हणजे अट तीच, पण प्रतिस्पर्धी पाहून ती कडक किंवा सैल होत होती. कापाब्लांका १९४२ मध्ये वारला. परतीची लढत झालीच नाही.

या मालिकेत एक सन्माननीय अपवाद आहे. १९३५ मध्ये हॉलंडच्या मॅक्स यूवे या गणिताच्या शिक्षकाने अलेखिनला हरवले. दोनच वर्षांनी त्याने अलेखिनला परतीची लढत दिली, तीत हरला, आणि किताब परत केला. तक्रार नाही, टाळाटाळ नाही. हे यूवे आपल्या कथेत पुढे दुसऱ्या भूमिकेत येतात.

वतन खालसा झाले

अलेखिन मार्च १९४६ मध्ये पोर्तुगालमध्ये मरण पावला, आणि तो जगज्जेता असतानाच मेला. वतनदार निपुत्रिक गेल्यावर वतन सरकारजमा व्हावे, तसा किताब फिडेकडे आला. १९४८ मध्ये हेग आणि मॉस्को येथे पाच खेळाडूंची स्पर्धा होऊन मिखाइल बॉट्विनिक जगज्जेता झाला. त्यानंतर आव्हानवीर कोण हे पात्रता स्पर्धांतून ठरू लागले. दर तीन वर्षांनी लढत, चोवीस डाव, पैशाची व्यवस्था यजमानाची. जेत्याची मर्जी या गोष्टीला जागाच उरली नाही.

तरीही जेत्याचे झुकते माप पूर्ण गेले नाही. चोवीस डावांनंतर बारा-बारा गुण झाले तर किताब जेत्याकडेच राहणार, असा नियम होता. १९५१ मध्ये ब्रॉनस्टाइनविरुद्ध आणि १९५४ मध्ये स्मिस्लोवविरुद्ध बॉट्विनिकने बरोबरी साधून किताब राखला. शिवाय हरलेल्या जेत्याला वर्षभरात परतीची लढत मागण्याचा हक्क काही काळ होता. बॉट्विनिक १९५७ मध्ये स्मिस्लोवकडून हरला आणि १९५८ मध्ये जिंकला. १९६० मध्ये तालकडून हरला आणि १९६१ मध्ये जिंकला. पुढे हा हक्क रद्द झाला. १९६३ मध्ये पेट्रोस्यानने त्याला हरवले तेव्हा त्याला परत फिरण्याची वाट नव्हती.

म्हणजे फिशरने ज्या व्यवस्थेशी झगडा मांडला, ती निष्पक्षपातीपणाचा पुतळा नव्हती. फिशरच्या तिसऱ्या अटीला निव्वळ खुळेपणा म्हणण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

आव्हानवीराचा हट्ट, जेत्याचे औदार्य

१९७२ मध्ये आइसलँडमधील रेक्याविकची फिशर-स्पास्की लढत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तपशिलात जात नाही. पण एक गोष्ट सहसा निसटते. तिथे अटी घालणारा फिशर जगज्जेता नव्हता, तो आव्हानवीर होता. तिकीटविक्रीतला वाटा हवा म्हणून तो उद्घाटनालाही आला नाही. जिम स्लेटर नावाच्या ब्रिटिश धनिकाने बक्षिसाची सव्वा लाख डॉलरची रक्कम स्वतःच्या खिशातून दुप्पट केली, तेव्हा तो विमानात बसला. पहिला डाव हरला. कॅमेऱ्यांचा त्रास होतो म्हणून दुसऱ्या डावाला आलाच नाही, आणि तोही हरला.

दोन-शून्यने पुढे असलेला बोरिस स्पास्की त्या क्षणी मायदेशी परतला असता तर नियमाने त्याला कोणी काही म्हणू शकले नसते. तसा आग्रह त्याला मॉस्कोहून होतही होता. त्याऐवजी तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका खोलीत खेळायला तो तयार झाला. तो डाव फिशरने जिंकला, आणि अखेर लढतही साडेबारा विरुद्ध साडेआठ अशी जिंकली. आपला हक्क सोडून दिल्यामुळे किताब गमावलेला जेता म्हणून स्पास्कीचे नाव घ्यावे लागते. खेळाच्या इतिहासात अशी नावे थोडी आहेत.

प्रकाश, आवाज, कॅमेरे, प्रेक्षकांचे अंतर, मानधन या फिशरच्या मागण्यांकडे आज पाहिले तर त्यांत वेडेपणा कमी आणि कारागिराचा काटेकोरपणा अधिक दिसतो. कॅमेरे हलवले तर त्याचा लाभ स्पास्कीलाही होता. बक्षीस दुप्पट झाले तेव्हा स्पास्कीचा वाटाही दुप्पट झाला. पुढच्या सगळ्या जगज्जेत्यांनी जी रक्कम घेतली ती या हट्टाच्या जोरावर.

तीन अटी, तीन मते

आता मुख्य प्रकरण. जगज्जेता झाल्यावर फिशरने १९७५ च्या लढतीसाठी फिडेपुढे तीन अटी ठेवल्या. पहिली, जो आधी दहा डाव जिंकेल तो विजेता, बरोबरी मोजायची नाही. दुसरी, डावांच्या संख्येला मर्यादा नको. तिसरी, नऊ-नऊ विजय झाले तर जेता किताब राखेल आणि बक्षिसाचे पैसे दोघांत सारखे वाटले जातील.

जून १९७४ मध्ये फ्रान्समधील नीस येथे फिडेचे अधिवेशन भरले. दहा विजयांची अट मान्य झाली, पण छत्तीस डावांची मर्यादा घातली गेली आणि नऊ-नऊचे कलम नाकारले गेले. फिशरने तारेने किताबाचा राजीनामा पाठवला. फिडेचे अध्यक्ष तेव्हा मॅक्स यूवे होते, तेच, ज्यांनी १९३७ मध्ये परतीची लढत खेळून किताब गमावला होता. जेत्याने लढत चुकवू नये, हा धडा त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरी त्यांनी फिशरसाठी दार उघडे ठेवले. मार्च १९७५ मध्ये हॉलंडमधील बर्गेन या किनाऱ्यावरच्या गावी खास अधिवेशन भरले. मर्यादाविरहित लढतीची अट ३७ विरुद्ध ३३ मतांनी मान्य झाली. नऊ-नऊचे कलम ३२ विरुद्ध ३५ मतांनी पडले. फिलिपाइन्सची राजधानी मनिला पन्नास लाख डॉलर घेऊन तयार होती. फिशरने होकार कळवला नाही.

तिसऱ्या अटीचा हिशेब शांतपणे करू. फिशरच्या बाजूने बोलणारे म्हणत, की बारा-बारा झाल्यावर किताब जेत्याकडे राहतोच, मग नऊ-नऊ झाल्यावर राहिला तर बिघडले कुठे? शिवाय १८८६ च्या करारातही नऊ-नऊची अट होती. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण चोवीस डावांच्या लढतीत आव्हानवीर एक डाव जास्त जिंकून, साडेबारा विरुद्ध साडेअकरा असा, जगज्जेता होऊ शकत होता. फिशरच्या पद्धतीत नऊ-नऊ झाल्यावर पुढे डावच नाही. दहा विरुद्ध नऊ हा निकाल अस्तित्वातच नाही. आव्हानवीराला किमान दहा विरुद्ध आठ जिंकावे लागणार, म्हणजे दोन डावांची आघाडी. जेत्याला मात्र नऊ विजय पुरेसे. १९११ मध्ये कापाब्लांकाने जिला अन्याय म्हटले ती हीच अट, वेगळ्या कपड्यांत. १८८६ च्या कराराचा दाखलाही नीट लागू पडत नाही. त्या वेळी दोघे समान पातळीवर बसले होते, आणि बरोबरी झाली असती तर कोणाच्याच डोक्यावर नियमाने मुकुट राहणार नव्हता.

इथे देशी डावाची ती जुनी रीत उपयोगी पडते. अट दोघांना सारखी लागू होते का? होत असेल तर ती खेळाची अट, मग ती कितीही जाचक असो. एकालाच लागू होत असेल तर ती हक्काची मागणी. दहा विजय आणि मर्यादा नको, या दोन अटी फिशर आणि कार्पोव दोघांनाही सारख्याच दमवणाऱ्या होत्या. त्या निकाली कुस्तीच्या अटी होत्या. तिसरी अट मात्र अशी, की एका पैलवानाची पाठ एकदा टेकली तरी चालेल आणि दुसऱ्याची टेकली की तो हरला. फिडेने पहिल्या दोन मानल्या आणि तिसरी नाकारली, हा निर्णय माझ्या मते बरोबर होता, जरी त्यामुळे त्या शतकातली सर्वांत मोठी लढत आपण गमावली.

निकाली लढतीचे पुढे काय झाले हेही पाहायला हवे. फिशर गेला, पण त्याची कल्पना दहाऐवजी सहा विजय करून फिडेने ठेवली. १९७८ मध्ये फिलिपाइन्समधील बागियो येथे कार्पोव-कोर्चनॉय लढत तीन महिने चालली. कार्पोव सहा-पाचने जिंकला, एकवीस डाव बरोबरीत सुटले. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोत कार्पोव आणि कास्पारोव बसले. सत्तावीस डावांनंतर कार्पोव पाच-शून्यने पुढे होता. सहावा विजय त्याला कधीच मिळाला नाही. अठ्ठेचाळीस डाव झाले, त्यांतले चाळीस बरोबरीत. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी, गुणफलक पाच-तीन असताना, फिडेचे अध्यक्ष कॅम्पोमानेस यांनी लढत थांबवली. अंधार पडला आणि पंचांनी कुस्ती सोडवली. मैदानाभोवतीची आरडाओरड अजून पुरती थांबलेली नाही. त्यानंतर पुन्हा चोवीस डावांची मर्यादा आली.

यूवे यांच्यापुढचे आणखी एक प्रकरण

इथवर अटी घालणारे जेते किंवा बडे आव्हानवीर होते. पण त्याच यूवे यांच्यापुढे, बर्गेनच्या अधिवेशनानंतर वर्ष-दीड वर्षातच, एक प्रकरण आले आणि त्याचे धागे आपल्या भागाशी जुळतात.

नाटककार आणि पत्रकार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा जन्म १८७२ मध्ये सांगलीचा. त्यांचे नातू, 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर, यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुली बुद्धिबळात चमकल्या. १९७४ मध्ये बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढची जवळपास दहा वर्षे हे विजेतेपद त्याच घरात राहिले. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. त्यावरून गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, निकाल तिच्या बाजूने लागला. फिडेचे अध्यक्ष म्हणून यूवे यांनीही निर्वाळा दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. मनिलात पन्नास लाख डॉलर वाट पाहत होते आणि जगज्जेता म्हणत होता, मला दोन डावांची सूट द्या. मुंबईची शाळकरी मुलगी म्हणत होती, मला सूट नको, त्याच पटावर, त्याच घड्याळावर, त्याच नियमांनी बसू द्या. पहिल्या मागणीला यूवे यांच्या संस्थेने नकार दिला, दुसरीला होकार. वर सांगितलेली कसोटी दोन्हीकडे लावली तर उत्तर तेच येते.

दुसरीच्या होकाराची फळे आपण पाहत आहोत. सांगलीत भाऊसाहेब पडसळगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या मार्फत उन्हाळ्याच्या सुटीत स्पर्धांची जी परंपरा उभी केली, तिने या गावाला बुद्धिबळाच्या नकाशावर जागा दिली. सांगलीची स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाली. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम फेरीत दोन्ही बाजूंना भारतीय मुली होत्या. या मुलींच्या वाटेत कोणाच्या दहा हजार डॉलरची भिंत नव्हती. पात्रतेची शिडी होती, आणि ती चढता येत होती.

तीन दिवस मागितले, एक मिळाला

अटींच्या या इतिहासात भारतीय जगज्जेत्याचे पान अगदी लहान आहे. एप्रिल २०१० मध्ये विश्वनाथन आनंदला बल्गेरियाच्या सोफियात व्हेसेलिन टोपालोवशी खेळायचे होते. टोपालोवच्या देशात, त्याच्याच माणसांपुढे. आइसलँडच्या ज्वालामुखीची राख आकाशात पसरली आणि युरोपातली विमाने जमिनीवर बसली. आनंद फ्रँकफर्टला अडकला. त्याने लढत तीन दिवस पुढे ढकलण्याची विनंती केली. एक दिवस मिळाला. सुमारे चाळीस तास मोटारीने प्रवास करून तो पोचला, २४ एप्रिलला पहिला डाव खेळला आणि हरला. शेवटचा बारावा डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकून त्याने साडेसहा विरुद्ध साडेपाच असा किताब राखला.

आनंदच्या सौजन्याचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. त्याची मागणी न्याय्य होती, आणि ती पुरी न मानणे हा त्याच्यावरचा अन्याय होता. लास्करच्या काळात सारा अधिकार जेत्याकडे होता, आनंदच्या काळात तो यजमान आणि संस्थेकडे गेला होता. वतन खालसा झाले म्हणजे राज्य आपोआप न्यायी होते असे नाही. म्हणून जेत्याने मागण्या करूच नयेत, हा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही. मागणी दोघांसाठी आहे की एकासाठी, एवढेच पाहायचे.

अलीकडे मॅग्नस कार्लसनने तिसराच मार्ग दाखवला. जुलै २०२२ मध्ये त्याने जाहीर केले, की पुढची लढत खेळण्याची आपल्याला इच्छा नाही. त्याने सूट मागितली नाही, वाटाघाटी लांबवल्या नाहीत, किताब ठेवून तो बाजूला झाला. एप्रिल २०२३ मध्ये डिंग लिरेन जगज्जेता झाला, आणि १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये अठरा वर्षांच्या गुकेशने त्याला हरवले. कार्लसनशी न खेळता मिळालेला किताब खरा का, असे पुष्कळांनी विचारले. कार्पोवलाही १९७५ मध्ये हेच विचारले गेले होते. त्याने पुढची दहा वर्षे स्पर्धांमागून स्पर्धा खेळून उत्तर दिले. किताब सांभाळण्याचा तोही एक मार्ग आहे.

फिशरला त्याच्या अटी अखेर मिळाल्या. १९७२ नंतर वीस वर्षे तो एकही जाहीर डाव खेळला नाही. मग १९९२ मध्ये युद्धाने फाटलेल्या युगोस्लाव्हियात, संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मोडून, त्याने पन्नास लाख डॉलरसाठी लढत मांडली. दहा विजयांची, बरोबरी न मोजणारी, डावांना मर्यादा नसलेली. समोर पुन्हा स्पास्की होता. फिशरने दहा जिंकले, पाच हरले, पंधरा बरोबरीत सुटले. म्हणजे ज्या कलमासाठी त्याने १९७५ मध्ये किताब सोडला, ते नऊ-नऊचे कलम वापरण्याची वेळही आली नाही. तो स्वतःला जगज्जेता म्हणवत होता. किताब मात्र तेव्हा कास्पारोवकडे होता, आणि कास्पारोवने तो मॉस्कोत, ठरलेल्या चोवीस डावांत, कार्पोवकडून जिंकून घेतला होता.